डावी बाजू

खांबावरून पडलो ते आश्विनात.
उदगीरच्या दवाखान्यात आधी बूट ओढून काढला,
मग कात्रीनं पँट उभी चिरली, खालून थेट गुडघ्यापर्यंत.
मंडळाची खाकी. चार महिन्यांची.
हाडाचं दुःख त्याच्या नंतरचं.

महानंदा ड्युटीला जाते आठला, सृष्टी शाळेत,
आणि मी बाजेवर, पाय उशीवर ठेवून
पंख्याची पाती मोजतो. तीन आहेत.
आठव्या दिवशी म्हणालो,
तुझी ती हातमशीन काढ बरं माळ्यावरून.
तिनं माझ्याकडं पाहिलं
जसा मी पाहतो मीटर मागं फिरवणाऱ्याकडं.

सुईत दोरा ओवायला पाऊण तास.
अकरा हजारच्या लाइनीखाली ज्याचा हात कधी हलला नाही
तो मी, जीभ बाहेर काढून,
दोरा चाटून चाटून त्याची वात झालेली.
वरून रीळ, खालून बॉबीन.
म्हटलं, हे तर आपलंच. फेज आणि न्यूट्रल,
दोन्ही भेटल्याशिवाय उजेड नाही.
चाक उलटं फिरवलं.
खट. फ्यूज गेला.

पहिलं काम उशीच्या खोळीचं.
दोन्ही तोंडं शिवून टाकली.
बाबा, उशी आत कुठून जाणार?
सृष्टी एवढी हसली
की भिंतीवरून शहेनाज आपा डोकावल्या.

आपांच्या सासऱ्यांची चौबाऱ्याजवळ भट्टी होती.
त्या म्हणाल्या, दिवसभर उसवत बसता,
मधेमधे काही भाजत जा.
कढईत मीठ, मिठावर वाटी पालथी,
वाटीवर ताटली, वर झाकण.
"और झाकन खोल खोल को नक्को देखो, भाई."

मी पाहिलंच.
आत करंट आहे का नाही
हे बघितल्याशिवाय लाइनमनला झोप येत नसते.

पहिली नानकटाई बसली.
दुसरी खालून कोळसा, वरून कच्ची.
तिसरी ज्वारीच्या पिठाची, मैदा संपला होता म्हणून,
उचलली की बोटांत वाळू.
विरीच नाही हो त्याला, महानंदा म्हणाली
आणि चमचा घेऊन, चपला न काढता, उभ्यानंच
ती सगळी ताटली संपवली.
मी कपाशी खेळत राहिलो. कपात चहा नव्हता.

फोन यायचे.
डीपी जळालाय, कधी येताव?
म्हणायचो, मी शिवायलोय.
आवाज कटायलाय, काय करायलाव म्हणलात?
शिवायलोय हो. शिवायलोय.
पलीकडं बराच वेळ कुणी बोलायचं नाही,
मग हळूच, बरं, बरं, आराम करा.

पौषात प्लास्टर निघालं.
आतला पाय बारीक, पांढरट,
दुसऱ्याच कुणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा.

त्या रात्री खाकी काढली.
तीनदा शिवली, तीनदा उसवली.
उसवणं आता जमतं मला,
ब्लेडचं टोक टाक्याखाली घालायचं,
कापडाला कळू द्यायचं नाही.
चौथ्यांदा म्हटलं, राहू दे.
शिवण गुडघ्याखाली जरा बाहेर वळते,
कुणीतरी बांधावर आडवं झालं
म्हणून वाकडी न्यावी लागलेली लाइन असते, तशी.
शिवणीत इंचभर कापड गेलं, पँट त्या बाजूला अरुंद.
पायही अरुंद.
बरोबर बसली.

सोमवारी परमिट घेतलं, शिडी लावली.
व्यंकटनं खालून धरली, नेहमीपेक्षा घट्ट.
तिसऱ्या पायरीवर शिवण ताणली,
थांबलो, ऐकलं.
काही तुटलं नाही.
आणखी वर गेलो.

मामा, व्यंकट ओरडला,
खिशातून काहीतरी सांडायलंय तुमच्या!
केस झटकत होता, डोळे मिटून.
ज्वारीचीच होती, सहा, कागदात बांधलेली.

तोंड उघडं ठेव, म्हणालो.